चौपट

कॅम्पातल्या त्या दुकानात मी तेव्हा कानस धरायला शिकत होतो.
इनास मिस्त्री बोलायचे कमी,
फुंकर जास्त मारायचे :
काचेवर, स्क्रूवर, बशीतल्या चहावर.

जिवबा नाडगौडा जांबोटीच्या मोटारीतून उतरले
तेव्हा रायफल वाकळेत गुंडाळलेली
आणि खिशात खानापूर ब्लॉकचा परवाना :
गवा, नर, एक. मुदत पंधरा दिवस.
"दुर्बीण बसवून द्या," म्हणाले,
"सगळ्यात लांबचं दाखवणारी."

मिस्त्रींनी दोन काढून फडक्यावर ठेवल्या.
एक जपानी, नऊपट, नव्या बुटासारखी चकचकीत.
एक जर्मन, चौपट, कुशीला खरवडलेली,
कुणा मेजरानं बदली होताना विकलेली.

नाडगौडांनी अर्थातच नऊपट उचलली
आणि रस्त्यापलीकडच्या बेकरीतल्या
पावावरचे तीळ मोजायला लागले.

"का बघालाय इतक्या लांबचं?
तुमच्या रानात चाळीस पावलांवर कारवी भिंतीगत उभी.
ह्यात गवा नाही दिसायचा ओ,
नुसतं काळं दिसेल.
काळं म्हणजे खांदा की ढुंगण,
विचारणार कुणाला?"

नाडगौडा हसले नाहीत.
"थांबा की दिवेलागणीपर्यंत," मिस्त्री म्हणाले.

सांजेला आम्ही तिघं गच्चीवर.
समोर शिंप्याची पाटी, वरची ओळ कन्नड, खालची मराठी,
दोन्हीकडे रंगाऱ्याची एकेक चूक.
"वाचत राहा," मिस्त्री म्हणाले, "एकदा हिच्यातून, एकदा तिच्यातून."
उजेड पायरी पायरीनं उतरला.
नऊपटीत कन्नड विरघळली, पाठोपाठ मराठी.
चौपटीत दोन्ही होत्या,
चुकांसकट,
खाली बेकरीवाल्यानं कंदील लावला तरी.

"गवा ह्याच वेळेला बाहेर पडतो.
चौपटीतसुद्धा पाटी वाचता आली नाही
की घोड्यावरचं बोट काढायचं आणि घरी जायचं."

मग कड्या आवळताना, माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईलसं :
"डोळा आणि काच, मध्ये चार बोटं.
ही लाथ मारते. मान पुढं काढलीत
तर भुवईवर चंद्रकोर उठेल,
आणि ती धुऊन जात नाही."

तीनशे वीस रुपये.
नाडगौडांनी दोनदा मोजून दिले.

बाराव्या दिवशी आले.
भुवईवर तीन टाके, अगदी सांगितल्यासारखी कोर.
पळसाच्या पानांत बांधलेलं मटण मिस्त्रींसाठी,
ते काउंटरवर ठेवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"मिळाला?"
"मिळाला."
"मग?"

"डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसलेली.
पाय चोळत होती.
आजपर्यंत चौदा मारले, साध्या नजरेनं. गवा दिसायचा.
माशी कधी दिसली नव्हती.
मी दाबलं.
पडायच्या आधी माशी उडाली, मिस्त्री.
ती पण दिसली."

वाकळ उलगडली.
"काढा ही."

मिस्त्रींनी स्क्रू एकेक करून काढले,
एकेकावर फुंकर मारली.
तीनशे परत दिले. वीस मजुरीचे ठेवले.
मटण घरी नेलं की नाही, मला माहीत नाही.

पुढं कायदा आला, परवाने संपले,
रायफली चौकीत जमा झाल्या,
मिस्त्री गेले, आणि शटरच्या किल्लीबरोबर
ही माझ्याकडे आली.
आतली फुली अजून केसभरही हललेली नाही.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, त्याच डोळ्यानं बघतो.

समोरची पाटी आता लायटीची आहे,
अंधार पडला की जास्तच दिसते.
मिस्त्रींची परीक्षा आता कुठल्याच काचेला देता यायची नाही.

मग मी खाली बेकरीकडे वळतो.
बरणीच्या झाकणावर त्या असतात.
चौपट.
पाय चोळत.